सरांचा सोमवार

“सर, डोकं सांभाळा!” असं मी ओरडले खरी, पण तोवर ठप्पकन आवाज झालाच.

आमच्या घोडपदेवच्या चाळीत जिन्याच्या तोंडाशी एक आडवं लाकूड आहे. नवीन माणसाला एकदा तरी प्रसाद दिल्याशिवाय ते वर सोडत नाही. सरांनी कपाळ चोळलं, खाली पडलेली काळी टोपी उचलून झटकली आणि परत नीट बसवली.

“लागलं का हो?”

“लागलं. पण ओळख झाली. उतरताना विसरणार नाही.”

राजाराम सर असेच. त्यांना काही झालं तरी ते आधी समोरच्याला बरं वाटावं असं काहीतरी बोलून टाकतात. मी जिन्यात उभी राहून त्यांना परत एकदा सगळं समजावलं. “हे बघा सर, धर्माकाका आधी ओरडतील. ते चाळीच्या कमिटीचे मुख्य. दिवसभर कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलतात ना, तिथं ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही, त्यामुळं सवय झालीय. ते ओरडले की घाबरायचं नाही. आणि माझा बा गप्प बसेल. तो गप्प बसला की मात्र घाबरायचं.”

“म्हणजे एकूण घाबरायचंच,” सर म्हणाले.

मी हसले. त्या दिवशी मला कशाचीच भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर ते अख्खं वर्षच मी जमिनीच्या चार बोटं वरून चालत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेरीत आमच्या गल्लीची घोषणा मीच द्यायची. माझा आवाज खणखणीत. मी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ म्हटलं की मागून बाप्ये, बायका, पोरं, सगळ्यांचा एकदम ‘झालाच पाहिजे!’ एकदा अख्खी गल्ली आपल्या मागून ओरडली ना, की मग माणसाला वाटायला लागतं, आपण म्हणू ते होणारच. एका मास्तरांचा एक वर्ग वाचवायचा म्हणजे तर काय, किस झाड की पत्ती!

कारण गोष्ट एवढीच होती. सरांचा फ्रेंचचा वर्ग बंद पडायला आला होता.

आमच्या हायस्कुलात आठवीला इंग्रजी सुरू होते आणि तिच्या जोडीला आणखी एक भाषा घ्यावीच लागते. संस्कृत, नाहीतर फ्रेंच. हुशार पोरांनी संस्कृत घ्यायचं, उरलेल्यांनी फ्रेंच, असं काही कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ते ठाऊक असतं. मी गेल्या वर्षी आधी संस्कृतच्याच वर्गात जाऊन बसले होते. गुरुजींनी मला उठवलं नाही हं. उलट फार मायेनं विचारलं, “गमरे ना तू? घोडपदेवची? बस, बस. पण तुझ्या जिभेला जमेल का गं हे? तुमच्या घरात कधी कानावर पडलेलं नसतं.” पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी भांडले असते. त्या नुसत्या मान वळवून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी फ्रेंचच्या वर्गात गेले.

जाऊन पहिला प्रश्न तोच विचारला. “सर, आमच्या जिभेला जमेल का?”

“कोणाच्याच जिभेला जमत नाही,” सर म्हणाले. “माझ्यासुद्धा नाही. फ्रान्सचा मनुष्य माझं फ्रेंच ऐकेल तर रडेल. चला, नाक धरा सगळ्यांनी.”

फ्रेंचमधले काही आवाज नाकातून काढायचे असतात. ते नाकातून येतायत की नाही हे कळायला बोटांनी नाक धरून बघायचं, असं सरांनी शिकवलं. नाक थरथरलं की बरोबर. आम्ही सगळे नाक धरून गेंगाण्यासारखे ओरडत होतो, तेवढ्यात खिडकीवरून हेडमास्तर गेले. थोड्या वेळानं लवू शिपाई फिनेलची बाटली घेऊन हजर. “साहेब म्हणले, ह्या वर्गात कायतरी मेलंय.” त्या दिवशी सरसुद्धा टेबलाला धरून हसले.

फ्रेंच कुणाच्याच घरात नव्हती. आमच्या घरात नव्हती, तशी संस्कृतच्या पुढच्या बाकावरच्या मुलींच्या घरातही नव्हती. त्यामुळं त्या खोलीत आम्ही सगळे सारखेच मठ्ठ होतो. मला ते फार म्हणजे फारच आवडलं. माझ्या शेजारी बसायची गुणवंती, माझगावच्या कोळीवाड्यातली. तिची आई भायखळ्याच्या बाजारात मासळी विकते. गुणवंती फ्रेंच असं बोलायची की जणू पापलेटाचा भाव करतेय. सर म्हणायचे, “उच्चार चुकला, पण गिऱ्हाईक घेईल.”

सर मूळचे गोव्याचे, मंगेशीच्या बाजूचे. पोर्तुगिजांच्या शाळेत त्यांना फ्रेंच शिकवली होती. तरुणपणी नोकरीसाठी मुंबईला आले आणि गिरगावात गोव्याकडच्याच आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहिले ते राहिलेच. लग्न केलं नाही. त्यांची आई अजून गावाला असते. दोन वर्षांपूर्वी सरकारनं गोव्याची वाट बंद केली, तेव्हापासून त्यांचं जाणं नाही, आणि तिकडची खबरसुद्धा कुणी चोरूनमारून आलंच तर त्याच्या तोंडून. प्रभातफेरीत मी त्यांना ओरडून सांगितलं होतं, “सर, काळजी करू नका! आधी मुंबई घेतो, मग लगेच तुमचा गोवा!” ते फुटपाथवरून म्हणाले, “घ्या, घ्या. पण जरा घाईनं. आई थकली आहे.”

मास्तरकीची परीक्षा त्यांनी दिलेली नाही. गोव्यातला शिक्का इथं चालत नाही. फ्रेंच सोडून दुसरं काही शिकवायची त्यांना परवानगीच नव्हती. दादरच्या एका शाळेत ते आठवड्यातून तीनदा जायचे, तिथली फ्रेंच आदल्या वर्षी बंद झाली. राहिलो आम्ही. आणि आमच्याकडे नियम असा की आठवी-नववी मिळून निदान पंधरा पोरं नसली, तर त्या भाषेची ग्रँट सरकार देत नाही. आमची भरती काठावरच होती. त्यातली दोनतीन सोडून सगळी पोरं घोडपदेवची, म्हणजे आमच्याच चाळींतली.

आणि तीच पोरं आता पाली घेणार होती.

ते कसं, तर गेल्या हिवाळ्यात बाबासाहेब गेले. दादरला आमच्या सगळ्या चाळी रडत गेल्या आणि बौद्ध होऊन परत आल्या. घरातले देव गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. रोज संध्याकाळी वंदना सुरू झाली. वंदना पालीत. छापील पुस्तकावरून माझा बा एकेक शब्द लावून वाचतो, मागून सगळे म्हणतात. अर्थ कुणालाच येत नाही. म्हणून कमिटीनं ठरवलं की आपल्या पोरांना शाळेत पालीच पाहिजे. हेडमास्तरांनी सांगितलं, उत्तम, तुम्ही तसं लेखी द्या.

मी घरी भांडले. “बा, पालीचा मास्तर तरी आहे का आमच्या शाळेत?”

“आधी पोरं दाखवायची, मग मास्तर येतो. हेडमास्तरच बोलले तसं.”

“आणि राजाराम सरांनी काय करायचं?”

बा गिरणीत साचेखात्यात आहे. तिथं मागांच्या आवाजात बोलणं होत नाही, म्हणून तो घरीसुद्धा मोजकंच बोलतो. “त्यांच्याबद्दल मी वाईट बोलतोय का, दमे? पण आपण वंदना म्हणतो आणि अर्थ ठाऊक नाय. उद्या कोण भट येईल आणि सांगेल, ह्याचा अर्थ असा. आपण मान हलवायची. आजवर आपलं तेच झालं ना?”

उत्तर सुचलं नाही की मी दुसरंच काहीतरी बोलते. “मग सरांना एकदा येऊन बोलू द्या की चाळीपुढं! त्यांचं ऐका तरी!”

“येऊ दे,” बा म्हणाला. “बुद्धजयंतीला सगळी जमतात. तवा येऊ दे.”

सुट्टी होती, म्हणून मी आणि गुणवंती गिरगावला जाऊन सरांना बोलावणं देऊन आलो. सर म्हणाले, “येतो, नक्की येतो.” कुठला वार आहे ते त्यांनीही बघितलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आम्ही पौर्णिमा एवढंच म्हटलं.

तर अशी आमची वरात गॅलरीत पोचली. सगळ्या मजल्याची माणसं जमली होती. तसबिरीला हार, पुढं मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका. वंदना संपत आली होती. सर चपला काढून मागं भिंतीशी उभे राहिले आणि डोळे मिटून ऐकायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. मी ओळखलं, ते उच्चार जिभेवर घोळवून बघत होते. तेवढी त्यांची खोडच आहे.

वंदना झाली. धर्माकाका ओरडले, “या मास्तर! बसा! पोरांनो, खुर्ची!”

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, मग काम. त्या चहासाठी आईनं सकाळपासून काय काय केलं ते मी बघितलं होतं. शेजारच्या राधाबाईंकडून फुलांचे कप मागून आणले. ते कप राधाबाई पोरीच्या सासरच्यांशिवाय कुणासाठी काढत नाहीत. दुधात पाणी घातलं नाही. आलं किसून घातलं. पोरीचा मास्तर घरी येतो, आमच्या मजल्यावर हे पहिल्यांदाच घडत होतं. एका पोरीनं ताट धरायला हात पुढं केला तर आई म्हणाली, “हो बाजूला, मीच नेते.”

ती ताट घेऊन सरांसमोर उभी राहिली. “घ्या मास्तर.”

सरांनी हात जोडले. “नको हो वहिनी. आज नको.”

“अर्धा तरी घ्या.”

“खरंच नको. पाणीसुद्धा नको.”

त्यांनी ते अगदी गोड आवाजात म्हटलं. पण त्या ‘पाणीसुद्धा’वर सगळ्या गॅलरीच्या माना वळल्या. खालच्या नळावर कुणीतरी बादली आपटली ती ऐकू आली. आई तशीच उभी. ताट तसंच पुढं.

“का बरं नको?” धर्माकाकांनी विचारलं. ओरडून नाही. पहिल्यांदाच मी त्यांना एवढं हळू बोलताना ऐकलं.

“आज सोमवार असतो माझा,” सर म्हणाले. “दिवेलागणीपर्यंत मी काही घेत नाही. आईला शब्द दिलेला, गाव सोडताना. मंगेशाचा...”

“मास्तर,” धर्माकाका म्हणाले, “आमच्या दारात आला की सगळ्यांचाच सोमवार असतो.”

कुणीतरी हसलं. ते हसणं चांगलं नव्हतं. मागून एक म्हातारा म्हणाला, “आमच्या गावच्या खोताला तर रोजच सोमवार.” परत हसले.

सरांना कळायला वेळ लागला. मी त्यांच्याकडेच बघत होते. आधी ते पण थोडे हसले, थट्टा चाललीय असं समजून. मग त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्यांना कळलं. माणसाचा चेहरा एवढा झरझर उतरताना मी कधी बघितला नव्हता.

त्यांनी एकदम हात पुढं केला, कप उचलला आणि प्यायला लागले. चहा कढत होता. ते थांबले नाहीत. बशीत ओतायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, गळ्याची घाटी वरखाली होत राहिली, आणि कप संपला. तो त्यांनी ताटात ठेवला तेव्हा बशी वाजली.

“राहू द्यायचं होतं, मास्तर,” बा म्हणाला. “जबरदस्ती नव्हती.”

म्हणजे बघा. नाही घेतला तरी तेच, आणि घेतला तरी तेच. आई ताट घेऊन आत गेली. तिनं पाठ फिरवली तेव्हा पांढऱ्या साडीचा पदर तिनं तोंडाशी धरला होता.

मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले, प्रभातफेरीतल्यासारखी, छाती पुढं काढून. “त्यांचा उपास खरा आहे! सर असले नाहीत!”

“तुला काय ठाऊक गो?” धर्माकाका.

“मला ठाऊक आहे!”

“कुणी सांगितलं?”

मी तोंड उघडलं आणि मला कळलं, मलाही आत्ताच कळलंय, त्यांच्याच तोंडून. वर्षभर मी त्या माणसासमोर बसले होते आणि सोमवारी ते पाणी पीत नाहीत हे मी बघितलंच नव्हतं. “त्यांनीच सांगितलं,” मी म्हटलं.

सगळे हसले. मागून कुणी ‘झालाच पाहिजे’ म्हटलं नाही. मी खाली बसले. माझा तो खणखणीत आवाज कुठं गेला देव जाणे. देव नाही म्हणायचं आता, पण कुठं गेला कोण जाणे.

“बोला मास्तर,” बा म्हणाला. “तुम्ही बोलायला आलायत. आम्ही ऐकतो.”

सर उभे राहिले. त्यांनी काय काय बोलायचं ते आम्ही गिरगावलाच ठरवलं होतं. गोदीवर परदेशी बोटी येतात, त्यांच्या कचेऱ्यांत फ्रेंच येणारा माणूस लागतो, आपल्या पोरांनी गाठीच का उचलाव्या? हे गोदीचं सुचवणं माझंच होतं, खास धर्माकाकांसाठी. सरांनी घसा खाकरला.

“मी फ्रेंचसाठी आलो होतो,” ते म्हणाले. “पण तुम्ही मघाशी जे म्हणत होता, त्याचा अर्थ तुम्हाला कळला पाहिजे. ते बरोबर आहे. पोरं हुशार आहेत. कुठलीही भाषा येईल त्यांना.”

आणि बसले! एवढंच! मला इतका राग आला त्यांचा की वाटलं, गदागदा हलवावं.

धर्माकाकांनी तिथल्या तिथं कागद पुरा केला. घोडपदेवच्या पोरांना पालीच हवी, दुसरी भाषा नको. एकेका बापानं खाली सही केली, कुणी अंगठा उठवला. सर बसून बघत होते. दिवेलागण झाली, कुणीतरी दिव्याचं बटण दाबलं. सरांनी सवयीनं दिव्याला नमस्कार केला आणि लगेच हात खाली घेतले.

मी त्यांना खालपर्यंत पोचवायला गेले. उतरताना त्या लाकडाखाली ते खूप वाकले. तितकं वाकायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा पाळीला निघाला होता. डबा भरता भरता आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, “उपास असल खरा.”

“खराच होता,” बा म्हणाला. “त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं तवाच मला कळलं. अंग चोरणारा माणूस मी ओळखतो. त्यांनी अंग चोरलं नव्हतं.”

“मग तू बोलला का नाहीस?” मी ओरडलेच.

बा चपलेत पाय घालत होता. तो थांबला. “चाळीला कसं सांगू, दमे? एवढी वर्षं ज्याला त्याला समजून घेत आलो. ह्याचं सोवळं, त्याचा नेम, तिसऱ्याचा सोमवार. काल पहिल्यांदा चाळ म्हणाली, आम्ही नाय समजून घेणार. तिथं मी उठून बोलू, घ्या हो समजून, आजचा तेवढा खरा आहे?”

आई डब्याला फडकं बांधत राहिली. गाठ बसेना, म्हणून परत सोडून बांधली.

शाळा उघडली. मी, गुणवंती, सगळी नववीत. पहिल्याच आठवड्यात बा आणि धर्माकाका पाळी बुडवून हेडमास्तरांकडे आले. मी दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकलं.

“पालीचे शिक्षक मिळत नाहीत,” हेडमास्तर म्हणाले. “मी लिहिलं आहे वर. मिळाले की बघू.”

“कधी मिळतील?”

“ते कसं सांगू? पुढच्या वर्षी, कदाचित.”

“तवर पोरांनी काय शिकायचं?”

“ज्यांना दुसरी भाषा नको, त्यांच्यासाठी हस्तव्यवसाय आहे. मुलींना शिवण, मुलांना बागकाम. तेही नियमातच बसतं.”

बा जरा वेळ गप्प राहिला. मी वर सांगितलंच आहे, तो गप्प बसला की घाबरायचं. पण हेडमास्तर घाबरले नाहीत.

“मग फ्रेंच तरी ठेवा,” बा म्हणाला. “राजाराम मास्तर आहेत ना?”

“गमरे,” हेडमास्तर अगदी समजावून म्हणाले, “तुम्हीच लिहून दिलंत की दुसरी भाषा नको. सगळ्यांच्या सह्या आहेत. तो कागद मी वर पाठवला. आता पोरं भरत नाहीत, ग्रँट नाही. माझ्या हातात काय आहे?”

“तसं नव्हतं आमचं म्हणणं!” धर्माकाका ओरडले. पण ते गोदामातलं ओरडणं नव्हतं. मधेच चिरकलं.

बाहेर आल्यावर बानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा दाबला, आणि दोघं गेटातून गेले. अर्ध्या दिवसाच्या कामावर तरी घेतात का बघायला.

महिनाअखेरपर्यंत सर येत होते, कारण वेळापत्रकातून त्यांचं नाव अजून काढलं नव्हतं. तासाची घंटा झाली की ते आपल्या खोलीत जाऊन बसायचे. संस्कृतवाले वर जायचे, आमची मुलं कुदळी घेऊन मागच्या आवारात, आणि आम्ही मुली शिवणाच्या बाईंकडे. गुणवंती आणि आणखी एकदोघी कागदात नव्हत्या, त्या सरांसमोर बसायच्या. मग गुणवंतीलाही तिच्या आईनं सांगितलं, दोघीतिघींसाठी कोण वर्ग ठेवतो, शिवण शीक, कामाला येईल. तीही आमच्यात आली. बसताना म्हणाली, “मी बोलले सरांना. ते बोलले, बरं केलंस, बाय. असं कसं बोलतात गो?”

एकदा मी शिवणातून पाणी प्यायला म्हणून उठले आणि तिकडं गेले. सर खिडकीशी उभे होते.

“सर, बा आला होता. हेडमास्तरांना म्हणाला, फ्रेंच ठेवा.”

“कळलं मला. चांगले आहेत तुझे वडील.”

“आणि आई म्हणते, उपास खरा होता.”

सर माझ्याकडे वळले. “त्यांना सांग, चहा फार छान होता. आलं होतं त्यात.”

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. मला नेहमीच काहीतरी बोलायचं असतं. “सर, त्या एका सोमवारचं काय एवढं! पुढच्या सोमवारी परत धरलात ना?”

“नाही,” ते म्हणाले. “आता नाही धरत.”

“का?”

“इतकी वर्षं सोमवारी भूक लागली की वाटायचं, आईलाही आत्ता लागली असेल. ती पण धरते ना. एवढाच आमचा पत्रव्यवहार.” त्यांनी खिडकीच्या गजावरची धूळ बोटानं पुसली. “आता ते मधेच तुटलं. परत सुरू केलं तरी ते खोटं वाटतं. जा बाय, बाई ओरडतील.”

मला वाटलं, म्हणावं, सर, गोवा घेऊ. तोंडात आलंही होतं. पण ते शब्द मला स्वतःलाच इतके पोरकट वाटले की मी तशीच परत गेले आणि रुमालाला धावदोरा घालत बसले.

शेवटच्या दिवशी निरोपाचा समारंभ वगैरे झाला नाही. मास्तर कायम नव्हतेच, तर निरोप कसला? शिवणाच्या खोलीतून त्यांचं दार दिसतं. तास संपायला आला तेव्हा ते बाहेर आले, हातात फळा पुसायचं फडकं. नळाखाली त्यांनी ते धुतलं. खडूचं पांढरं पाणी जाईपर्यंत चोळून चोळून धुतलं, पिळलं, आणि दोन्ही टोकं सारखी करून खिडकीच्या गजावर वाळत घातलं. मग टोपी घातली, लवूला हात केला आणि जिना उतरून गेले.

हवा ओली होती. फडकं काही वाळलं नाही. शनिवार गेला, रविवार गेला, तरी ते तसंच लोंबत होतं. सोमवारी ती रिकामी खोली शिवणाला मिळाली. आम्ही यंत्रं ओढत तिकडं नेली. बाईंनी इकडंतिकडं बघितलं, गजावरून ते फडकं काढलं आणि यंत्राचं तेल पुसायला घेतलं.